शॉक फोर्स २ एकट्याने पुन्हा खेळताना

'कॉम्बॅट मिशन: शॉक फोर्स २' या संगणकावरच्या युद्धखेळाबद्दल 'एकदा खेळलं की कॉर्नेट (रणगाडाविरोधी क्षेपणास्त्र) कुठल्या गच्चीवर आहे ते कळतं, मग परत काय खेळायचं' असं म्हणतात. हा मुद्दा मला निम्माच पटला. या खेळात शत्रूची बाजू खेळणारा संगणक लिहून दिलेल्या योजनेवरच चालतो, हे खरं. पण एका लढाईला अशा अनेक योजना जोडता येतात आणि खेळ सुरू होताना त्यातली एक निवडली जाते. त्यामुळे सगळं ती लढाई बनवणाऱ्याने किती कष्ट घेतलेत त्यावर आहे. लढाई संपली की ती एडिटरमध्ये (लढाया बनवायच्या साधनात) उघडून योजना मोजा. एकच असेल तर पुढची लढाई घ्या.

माझा खरा कस लागला तो सीरियाच्या बाजूने खेळताना. अमेरिकेचे अब्राम्स रणगाडे आणि जॅव्हलिन क्षेपणास्त्रं हाताशी असली की चुका खपून जातात. इकडे बीएमपी (सैनिक नेणारी चिलखती गाडी) टेकाडावरून जरा डोकावली की गेलीच. शेवटी वाहनं भिंतीआड ठेवली, खांद्यावरून रॉकेट डागणारे आरपीजीवाले घराघरांत बसवले आणि टार्गेट आर्क (किती अंतरापर्यंत गोळीबार करायचा ती मर्यादा) शंभर मीटरवर आणून ठेवला, म्हणजे कुणी आधीच गोळी झाडायला नको. अमेरिकेचं पहिलं स्ट्रायकर (चिलखती वाहन) कोपऱ्यावर वळेपर्यंत मी श्वास रोखून बसलो होतो. तोच नकाशा आतापर्यंत चार वेळा खेळलोय.