मदत हवी आहे: दृष्टी गेलेल्या काकांसाठी शॉर्टवेव्हचं आठवड्याचं वेळापत्रक

धागाकर्ता

नमस्कार मंडळी,

माझे काका, आम्ही सगळे त्यांना तात्या म्हणतो, दापोली तालुक्यात आंजर्ल्याला राहतात. काचबिंदूनं दोन्ही डोळे गेले, पण कान अजून तल्लख आहेत. टीव्हीचा उपयोग नाही. मोबाईलच्या गुळगुळीत काचेवर बोटाला काही लागत नाही, आणि वाडीत रेंज आली तर आली. त्यांना रेडिओ हवाय, तोही शॉर्टवेव्ह, म्हणजे लांबची परदेशी केंद्रं पकडणारा.

तात्या शाळेत भूगोल शिकवायचे. ऐंशीच्या दशकात रात्री जेवणं आटपली की पडवीत रेडिओ नेदरलँड्स लागायचा. हॉलंडचं केंद्र असलं तरी मादागास्करमधल्या प्रक्षेपकामुळे आपल्याकडे आवाज खणखणीत यायचा. गुरुवारी ‘मीडिया नेटवर्क’, म्हणजे रेडिओच्याच जगातल्या बातम्या. रविवारी ‘हॅपी स्टेशन’, हा तर १९२८ साली सुरू झालेला कार्यक्रम. टपालानं छापील कार्यक्रमपत्रिका यायची, ती तात्या दाराच्या मागे खिळ्याला लावून ठेवत. कुठल्या वारी काय लागणार हे घरातल्या सगळ्यांना पाठ होतं, काकूलासुद्धा.

त्या केंद्राची इंग्रजी सेवा जून २०१२ मध्ये थांबली. पुढे बीबीसी हिंदीवर निभावलं, तीही शॉर्टवेव्हवरून ३१ जानेवारी २०२० ला बंद झाली. त्याच वर्षी जूनमध्ये ‘निसर्ग’ वादळानं आमच्याकडे माड, पोफळी, विजेचे खांब सगळं आडवं केलं. वीज नाही, फोन नाही, अशा दिवसांत बाहेरची खबर सेलवरच्या रेडिओनंच दिली. त्यामुळे "आता रेडिओ कोण ऐकतं" असं आमच्या घरात कुणी म्हणत नाही.

जुन्या सेटचा काटा ओढणारा दोरा तुटलाय आणि तो ओवून देणारा माणूस आता मिळत नाही. म्हणून मी नवा डिजिटल सेट दिला. आकडे दाबून केंद्र लावायचं, मेमरीत साठवायचं. जुन्या सेटवर तात्या पट्टा बदलण्याच्या खटक्याचे ‘टक्’ मोजून एकतीस मीटर की पंचवीस मीटर (लहरींच्या लांबीवरून पडलेली पट्ट्यांची नावं) ते बिनचूक सांगायचे. नव्यावर सगळंच पडद्यावर दिसतं, म्हणजे त्यांच्यासाठी काहीच नाही.

मला तीन गोष्टींत मदत हवी आहे. वारागणिक वेगळा कार्यक्रम असलेलं आणि कोकणात नीट लागणारं केंद्र आज कोणतं? वेळा सगळ्या युटीसीमध्ये, म्हणजे जागतिक प्रमाणवेळेत असतात, त्या वारासकट कशा बदलून घ्यायच्या? आणि संध्याकाळी सातनंतर सेटवर जी घरघर सुरू होते ती कशानं जाईल? घर जांभ्याचं, वर मंगलोरी कौलं. पूर्वेला डोंगर, पश्चिमेला माडांपलीकडे समुद्र.

नुसता "ॲप टाका" असा सल्ला कृपया नको. तात्यांना स्वतःच्या हातानं केंद्र लावता यायला हवं, माझी सगळी धडपड त्यासाठीच आहे.

तारवाला

आधी घरघरीचं बघू, कारण ती गेल्याशिवाय बाकी सगळं फुकट. सेट सेलवर चालवा आणि तो चालू असताना घराचा मेन स्विच पाडा. इन्व्हर्टर असेल तर तोही बंद करा. गोंगाट एकदम खाली बसला तर दोषी घरातच आहे. मग एकेक वस्तू चालू करत जा. सातनंतर सुरू होतो म्हणताय, म्हणजे माझा पहिला संशय एलईडी दिव्यांवर. स्वस्त दिव्यांतली आणि मोबाईलच्या चार्जरमधली वीज बदलणारी सर्किटं शॉर्टवेव्हवर भरपूर कचरा टाकतात. तात्या बसतात त्या पडवीतला दिवा बदलून पाहा, तो सगळ्यांत जवळ आहे.

मेन पाडूनही घरघर राहिली तर ती बाहेरच्या वायरींतून येतेय. तेव्हा एरियलसाठी तार घराबाहेर ओढायची. प्लास्टिकचं वेष्टण असलेली साधी तांब्याची वायर, आठ-दहा मीटर, मीटरच्या पेटीपासून आणि विजेच्या तारांपासून लांब. एक टोक माडाला नायलॉनच्या दोरीनं बांधा, दुसरं टोक सेटच्या दांडीला चिमट्यानं लावा. दोरी थोडी सैल ठेवा, वाऱ्यात माड हलला की ताठ तार तुटते. फार लांब तार नको, छोटा सेट गुदमरतो आणि एका केंद्रावर दुसरं चढतं. उघडी तांब्याची तार तर नकोच, खाऱ्या हवेत ती हिरवी पडते आणि जोडावर करकर होते.

डोंगराची फार काळजी करू नका. लांबची शॉर्टवेव्ह आकाशातून, आयनांबरावरून (वातावरणाच्या वरच्या विद्युतभारित थरांवरून) परतून येते. पण वीज चमकायला लागली की तार काढून घराबाहेर ठेवायची, ही सवय तात्यांना आणि काकूंना दोघांनाही लावा. मृगाच्या आधीचे वळीव आणि परतीचा पाऊस या दिवसांत तर आभाळ वाजलं की लगेच.

खाडीपलीकडे

मी केळशीचा, म्हणजे तुमचा शेजारीच. वेळेबद्दल सांगतो.

युटीसीमध्ये साडेपाच तास मिळवले की आपली वेळ. १४:३० म्हणजे रात्रीचे आठ. खरी गफलत वाराची होते. युटीसीचे १८:३० झाले की आपल्याकडे मध्यरात्र उलटून दुसरा वार लागतो. यादीत ‘शनिवार २०:००’ असेल तर ते आपल्या रविवारी पहाटे दीड. हे आधी सांगून ठेवा, नाहीतर तात्या शनिवारी बसून राहतील.

यादीसाठी ‘ईआयबीआय’ या शॉर्टवेव्ह वेळापत्रकाची फुकट फाईल इंटरनेटवरून उतरवून घ्या. वेळ, वार, केंद्र, भाषा, कुठल्या प्रदेशासाठी, सगळं एका ओळीत असतं. दक्षिण आशियासाठीच्या ओळी आधी निवडा. आणि वेळापत्रक वर्षभराचं करू नका. मार्चच्या आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी जगभरची केंद्रं फ्रिक्वेन्सी बदलतात, त्या दोन रविवारी तुम्ही आंजर्ल्याला असलात तर उत्तम.

केंद्राबद्दल माझं मत स्पष्ट आहे: एकावर अवलंबून राहू नका. एकेक केंद्र बंद होतंय, रेडिओ ऑस्ट्रेलियाही ३१ जानेवारी २०१७ ला शॉर्टवेव्हवरून गेलं. कणा म्हणून बीबीसी वर्ल्ड सर्व्हिसचं इंग्रजी प्रसारण ठेवा. ओमानच्या प्रक्षेपकामुळे ते आपल्या किनाऱ्यावर चांगलं येतं. बातम्यांसाठी ‘न्यूजअवर’, शनिवारी ‘स्पोर्ट्सवर्ल्ड’. चायना रेडिओ इंटरनॅशनल इतकं जोरात येतं की तार नीट लागली का ते तपासायला तेच लावा. रेडिओ रोमेनिया इंटरनॅशनलवर बातम्यांनंतरची सदरं वारागणिक बदलतात, तात्यांना तेच जास्त आवडेल असं वाटतं, फक्त ते दर हंगामात लागेलच असं नाही.

आणि गुरुवारच्या ‘मीडिया नेटवर्क’च्या जागी ‘वेव्हस्कॅन’. अर्ध्या तासाचा, रेडिओच्या इतिहासाचा आणि लहरींचा कार्यक्रम, मुख्यतः रविवारी. ॲडव्हेंटिस्ट वर्ल्ड रेडिओचा आहे. संस्था धार्मिक असली तरी हा कार्यक्रम निखळ रेडिओचाच आहे.

कौलारू

मेमरीबद्दल. माझ्या आईचीही नजर अधू आहे. बटणांवर नेलपॉलिशचे जाड थेंब टाकून वाळवले, एकावर एक थेंब, पाचावर दोन, शून्यावर आडवी रेघ. बोटाला लगेच कळतं. मेमरीचे क्रमांक केंद्रांप्रमाणे लावू नका, वेळेप्रमाणे लावा: एक म्हणजे सकाळचा चहा, दोन म्हणजे जेवणाआधी, तीन रात्री. दिवसा वरच्या फ्रिक्वेन्सी, म्हणजे एकोणीस-सोळा मीटर, आणि अंधार पडला की एकतीस, एकेचाळीस, एकोणपन्नास मीटर. भूगोलाच्या मास्तरांना आयनांबराचा सगळ्यांत खालचा, दिवसा लहरी शोषणारा डी थर रात्री विरतो हे सांगायला नकोच, ते आपले आपण नवी केंद्रं शोधतील.

धागाकर्ता

सर्वांचे मनापासून आभार. मेन पाडून पाहिलं. पडवीतला दिवाच होता. तो बदलल्यावर निम्म्याहून जास्त घरघर गेली, उरलेली तारेनं गेली. बीबीसी लागलं तेव्हा तात्यांनी आवाज कमी करून लाटेची चढउतार ऐकली आणि म्हणाले, "हे एकतीस मीटर." बरोबर होतं.

आता त्यांना ‘वेव्हस्कॅन’ला कार्यक्रम कसा ऐकू आला त्याचा रिपोर्ट पाठवायचाय. ते सांगतील, मी लिहीन. सिनपोचे, म्हणजे ऐकू येण्याच्या दर्जाचे आकडे कसे द्यायचे? ते म्हणतात पाच असतात, पण क्रम आठवत नाही.

खाडीपलीकडे

सिग्नलची ताकद, दुसऱ्या केंद्राचा अडथळा, गोंगाट, लहरींची चढउतार, आणि एकूण. प्रत्येकाला एक ते पाच, पाच सर्वांत चांगलं. म्हणजे अडथळा अजिबात नसेल तरी त्याला पाचच. सोबत तारीख, युटीसी वेळ, फ्रिक्वेन्सी, सेटचं नाव, तारेची लांबी, आणि कार्यक्रमात काय ऐकलं त्याचे चार-पाच तपशील लिहा. नुसतं "छान ऐकू आलं" लिहिलं तर तुम्ही खरंच ऐकलं याच्या पडताळणीचं कार्ड केंद्राकडून मिळत नाही. ऐकताना तात्यांनी तोंडी सांगावं आणि तुम्ही मोबाईलवर रेकॉर्ड करून ठेवावं, नंतर उतरवून काढता येईल.