बाबांच्या खिडकीवर चोच मारणारा पक्षी: कावळा की रॅव्हन?

काचेपलीकडे
गेले अठरा दिवस रोज सकाळी साडेसहाच्या सुमारास बाबांच्या खोलीच्या खिडकीवर एक काळाकुळकुळीत पक्षी येतो आणि काचेवर चोच आपटत राहतो. बाबा हृदयाच्या शस्त्रक्रियेनंतर नुकतेच घरी आलेत. आत्या म्हणते, हा साधा कावळा नव्हे, रॅव्हन आहे, आणि तो आजाऱ्याच्या खिडकीशी आला की काय ते समजून जायचं. माझा असल्या गोष्टींवर विश्वास नाही, पण हल्ली मला त्या आवाजाच्या आधीच जाग येते. आमच्याकडे दोन्ही पक्षी आहेत. ओळखायचं कसं? आणि घरात नऊ खिडक्या असताना त्याला हीच का सापडली?

रानवाट
आधी शेपटी बघा. पक्षी उडताना शेपटी पाचरीसारखी, मध्ये लांब आणि कडेला आखूड दिसली तर रॅव्हन. पंख्यासारखी गोलसर दिसली तर कावळा. नुसत्या आकारावर जाऊ नका. रॅव्हन सव्वा किलोच्या आसपास भरतो, कावळा अर्धा किलो किंवा त्याहून कमी, पण शेजारी तुलनेला काही नसेल तर नजर फसते. बावीस वर्षं पक्षी बघतोय, त्यातली पहिली दोन मी प्रत्येक थोराड कावळ्याची रॅव्हन म्हणून नोंद करत होतो.

मग आवाज. कावळा 'काव' म्हणतो. रॅव्हनचा आवाज घशाच्या तळातून येतो, खोल, घोगरा 'क्रॉंक'. एकदा ऐकला की पुन्हा चूक होत नाही. त्याच्या गळ्याखाली दाढीसारखी विस्कटलेली पिसं असतात, चोचही जास्त जाड. रॅव्हन घारीसारखा पंख पसरून तरंगतो, हवेत कोलांट्या घेतो, क्षणभर उताणाही उडतो. ते बघायला मिळालं तर सगळी कामं बाजूला ठेवून बघा.

(मराठीत रॅव्हनला सर्रास डोमकावळा लिहितात. ते चूक आहे, डोमकावळा ही वेगळी जात.)

आता खिडकी. घरटी बांधायच्या दिवसांत जोडी आपली हद्द जिवापाड राखते. काचेत स्वतःचं प्रतिबिंब दिसलं की तो दुसरा नर समजून त्याच्यावर तुटून पडतो. एक विचारतो: बाबांच्या खोलीचे पडदे दिवसभर ओढलेले असतात का?

काचेपलीकडे
हो. त्यांना उजेडाचा त्रास होतो. फक्त त्याच खोलीचे.

रानवाट
मग उत्तर तिथेच आहे. आत अंधार आणि बाहेर उजेड असला की काचेचा आरसा होतो. बाकीच्या आठ खिडक्यांमधून त्याला तुमचं घर दिसतं, या एकीत दुसरा पक्षी दिसतो. आतून काही लावून उपयोग नाही, काचेला बाहेरून कागद लावा.

ओसरी
रानवाट यांनी लिहिलंय ते वाचून मला बसायला झालं. आजाऱ्याच्या खोलीत अंधार करायचा आणि मग तिथेच पक्षी येतो म्हणून घाबरायचं, असं किती घरांत झालं असेल!

आत्याबाईंवर मात्र चिडू नका. ही भीती कुणी हवेतून काढलेली नाही. हे पक्षी मेलेलं मांस खातात. युद्ध संपलं की रणांगणावर उतरायचे, फाशीच्या खांबांभोवती घिरट्या घालायचे, आणि बघणाऱ्यांना वाटायचं की यांना आधीच कळतं. अमेरिकेतल्या येलोस्टोन अभयारण्यात रॅव्हन आजही लांडग्यांच्या मागे जातात, शिकार पडली की काही मिनिटांत हजर. त्यांना मरण कळत नाही, जेवण कुठे मिळेल ते कळतं.

लंडनच्या टॉवर या जुन्या किल्ल्याचंही तसंच. तिथले रॅव्हन गेले तर राज्य बुडेल म्हणून निदान सहा तरी पाळतात. प्रथा सतराव्या शतकातल्या राजा चार्ल्स दुसऱ्याच्या काळची म्हणून सांगतात, पण या गोष्टीचा पुरावा एकोणिसाव्या शतकाच्या मागे जात नाही. आणि सगळीकडे तो अशुभच आहे असंही नाही. उत्तर अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावरच्या हैडा या आदिवासी लोकांच्या कथांत जगात उजेड आणला तो रॅव्हननेच. नॉर्स, म्हणजे उत्तर युरोपातल्या जुन्या कथांत ओडिन या देवाचे दोन रॅव्हन रोज जगभर फिरून बातमी आणतात, हुगिन म्हणजे विचार आणि मुनिन म्हणजे स्मृती. ओडिनला धास्ती असते की मुनिन परत येणार नाही. मला ही कथा फार जवळची वाटते.

माझी आई गेली त्या आठवड्यात कठड्यावर कावळे बसलेले असायचे. वर्षभर मी त्यांचा राग केला. मग शेजारच्या काकूंनी सहज सांगितलं की ते आधीपासूनच तिथे बसतात. मी नोकरीमुळे दिवसा घरी नसायचे, आईजवळ थांबले म्हणून मला दिसले.

काचेपलीकडे
काल दुपारी बाहेरून खाकी कागद लावला. आज तो साडेसहाला आला, चौकटीवर बसला, कागदाकडे मान तिरकी करून बघितलं आणि उडाला. शेपटी पंख्यासारखी. कावळाच. समोरच्या झाडावर दुसराही होता, चोचीत काडी घेऊन. आत्याला बोलावून दाखवलं. ती काही बोलली नाही, पण बराच वेळ बघत उभी होती.

कागद कधी काढू?

रानवाट
पिल्लं घरटं सोडेपर्यंत राहू द्या. अंडी घातल्यापासून साधारण दोन महिने धरा. आणि बाबांना खुर्चीवर बसवता येत असेल तर त्या झाडाच्या बाजूला बसवा.