मदत हवी आहे: तिसरीतल्या मुलीचा गेम, अनोळखी 'दादा' आणि शाळेचा ग्रुप

नमस्कार मंडळी, आम्ही गोव्यातल्या डिचोलीचे. लेक तिसरीत, बालरथाने (शाळेच्या बसने) शाळेत जाते. परवा आजोबांच्या मोबाईलवर गेम खेळताना चॅटमध्ये कोणी 'दादा' तिला शाळेचं नाव आणि युनिफॉर्ममधला फोटो मागत होता. तिने फोटो दिला नाही, पण शाळेचं नाव सांगून बसली. मी घाबरून ब्लॉक केलं, चॅटही पुसलं. स्क्रीनशॉट काढायला हवा होता हे नंतर सुचलं!

१९३० ही हेल्पलाइन सायबर फसवणुकीसाठी आणि १०९८ मुलांसाठी, एवढं ठाऊक आहे. पुरावाच नसताना तक्रार करून उपयोग होतो का? कोणी केली आहे?

दुसरं म्हणजे, वर्गाच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर प्रत्येक कार्यक्रमाचे फोटो मुलांच्या पूर्ण नावांसकट पडतात. पालक-शिक्षक संघाच्या बैठकीत विषय काढायचा आहे, पण बाई चांगल्या आहेत, त्यांना दुखवायचं नाही. कसं मांडू?

शिवाय बालरथाच्या थांब्यावर मूल कोणाच्या ताब्यात द्यायचं, याची यादी तुमच्या शाळेत ठेवतात का? आमच्याकडे 'ओळखीचाच आहे' एवढ्यावर भागतं. नमुना असल्यास पाठवा, बैठक शनिवारी आहे.