रविवारी युद्धखेळ परत सुरू करूया का? (सोसायटी ग्रुप, टिळकवाडी)

सी-४०२: क्लब हाऊसमध्ये रविवारी बोर्ड गेम परत सुरू करूया म्हणतोय. माणसं पाच. डबे दोन हायत, रिस्क (जगाच्या नकाशावर फाशांनी लढून प्रदेश जिंकायचा खेळ) आणि ॲक्सिस अँड ॲलाइज १९४२ (दुसऱ्या महायुद्धावरचा खेळ, दुसरी आवृत्ती). रिस्कचे पत्ते निम्मे गायब, फौजा पण कमी. कुठला काढायचा?

ए-१०३: रिस्कच काढा. ॲक्सिसची नुसती मांडणी करताना चहा गार होतो. त्यात खरेदी, लढाईच्या चाली, लढाई, बिनलढाईच्या चाली, नवी फौज उतरवणं आणि शेवटी उत्पन्न, हा क्रम सगळे विसरलेत. पहिल्याच दिवशी तो उघडलात तर दुसऱ्या रविवारी कोण येणार नाही.

बी-२०१: पण काका, पत्त्यांचं काय?

ए-१०३: घरात होतात की. एकूण ४४. त्यातले ४२ प्रदेशांचे आणि २ जोकर. ४२ वर १४ पायदळ, १४ घोडदळ, १४ तोफा. आयव्हरी शीट घ्या, पटावरची नावं बघून लिहा. कुठल्या नावावर कुठलं चिन्ह होतं ते आठवत नसलं तरी चालतंय, प्रत्येकी १४ भरले पाहिजेत. उरलेल्या जुन्यांत नवे मिसळू नका. पाठ वेगळी दिसली की समोरच्याच्या हातात काय आहे ते सगळ्यांना कळतं. सगळेच नवे करा.

डी-३०४: फौजांना चिंचोके चांगले. पाच रंगांचं नेलपॉलिश, प्रत्येक रंगाचे ४० चिंचोके, आणि दहाच्या फौजेसाठी शर्टाची १० बटणं. पाच जण असले की सुरुवातीला प्रत्येकी २५ फौजा, म्हणजे ४० पुरतात. दोन्ही बाजू रंगवा, नाहीतर उलटा पडलेला चिंचोका कुणाचा यावर अर्धा तास जाईल. मसूर नको, पटाला धक्का लागला की घरंगळतो.

सी-४०२: वैनी, रंगकाम तुमच्याकडं 🙏 पण डाव रात्रीपर्यंत लांबतो, त्याला काय करायचं?

बी-२०१: लांबतो कारण पत्त्यांचा संच (तीन पत्ते) दिला की किती फौजा मिळतात तो आकडा लोक घरच्या नियमानं गोठवतात. मूळ नियमात पहिल्या संचाला ४ फौजा, मग ६, ८, १०, १२, १५ आणि पुढं दर वेळी ५ ने वाढ. ऐकायला अन्याय वाटतो, पण या वाढीमुळंच डाव संपतो. कोपऱ्यात फौज साठवून बसलेल्यालाही कुणीतरी मोडू शकतो.

बी-२०१: तरीही आठ फेऱ्यांची मर्यादा ठेवूया, शेवटी प्रदेश मोजायचे. फक्त आठवी फेरी शेवटची असं पक्कं सांगू नका. उलट हल्ला व्हायची भीती नसली की शेवटचा गडी सगळी फौज उधळतो आणि आयता जिंकतो. आठवीनंतर एक फासा टाकायचा, १ किंवा २ पडला तर डाव बंद, नाहीतर अजून एक फेरी. मग परत फासा.

ई-१०२: मी नवीन. हल्ला कधी थांबवायचा कळत नाही.

ए-१०३: हे नीट समजून घ्या, डाव इथंच हरतात. हल्लेखोराचे तीन फासे विरुद्ध बचाववाल्याचे दोन असले तर शंभरात साधारण ३७ वेळा बचाववाल्याच्या दोन फौजा जातात, २९ वेळा हल्लेखोराच्या दोन, ३४ वेळा एकेक. बरोबरीत बचाववाला जिंकतो, तरी तिसरा फासा हल्लेखोराला तारतो. दोन विरुद्ध दोन झालं की उलटं. ४५ वेळा हल्लेखोराच्या दोन जातात, समोरच्याच्या दोन फक्त २३ वेळा. आणि तीन फासे टाकायला त्या प्रदेशात निदान ४ फौजा लागतात, एक मागं राहते. समोर दोन फासे असतील आणि तुमच्या तीनच फौजा उरल्या असतील तर थांबायचं. "एकदाच टाकतो" म्हणणारा तिथंच संपतो.

ए-१०३: अजून एक. आपल्या पाळीला नव्या फौजा मिळतात हातातल्या प्रदेशांच्या तिसऱ्या हिश्शानं, अपूर्णांक सोडून, पण कमीत कमी ३. म्हणजे ११ प्रदेशांवर ३ आणि १२ वर ४. बारावा घेऊनच थांबा.

ई-१०२: आणि ऑस्ट्रेलिया?

बी-२०१: चार प्रदेश, आत यायला एकच वाट, अख्खा खंड हातात असला की वर २ जादा फौजा. म्हणून सगळे तिकडंच पळतात. दोघं भांडत असतील तर तुम्ही दक्षिण अमेरिका घ्या. वाटा दोन, पण जादा फौजा तेवढ्याच. आशियाच्या ७ फौजांना भुलू नका, १२ प्रदेश राखावे लागतात.

सी-४०२: पट पावसानं वाकलाय.

डी-३०४: उन्हात ठेवू नका, छापील थर सुटतो. फुगलेली बाजू वर करून सपाट लादीवर ठेवा, वर प्लायवूड आणि तांदळाची पिशवी, दोन दिवस. डब्यात सिलिका जेलच्या चार पुड्या टाका, बेळगावच्या जुलैत पत्ते एकमेकांना चिकटतात.

ए-१०३: ॲक्सिस श्रावणात काढू. तोवर एवढं लक्षात ठेवा, खेळातल्या पैशात पायदळ ३ ला, लढाऊ विमान १० ला. २४ मध्ये आठ पायदळ येतात, विमानं दोनच. मराठा लाइट इन्फंट्री या पायदळाच्या रेजिमेंटच्या गावात राहून लोक रशियाकडून खेळताना विमानं घेतात, काय म्हणावं! 😄

सेक्रेटरी: क्लब हाऊस २ ते ७ दिलं. गणपतीच्या आधी पंधरा दिवस मिळणार नाही, मांडवाचं सामान येतंय. फासे स्टीलच्या ताटात टाकू नका, वरच्या मजल्यावरनं तक्रार येते. बुटाच्या डब्याच्या झाकणात फडकं घाला.