मुदत संपलेले ई-वे बिल आणि 200 टक्के दंड : शिक्षा अपराधाच्या मानाने आहे का?

ताळेबंद (मूळ मुद्दा) : केंद्रीय वस्तू व सेवा कर कायद्याचे कलम 126 सांगते की, 5,000 रुपयांपेक्षा कमी कराचा किरकोळ भंग किंवा कागदपत्रांतील सहज दुरुस्त होणारी, लबाडीचा हेतू नसलेली चूक यांसाठी दंड करू नये, आणि अन्यत्रही दंड अपराधाच्या तीव्रतेला धरून असावा. त्याच कलमाचे सहावे पोटकलम मात्र ठरावीक रकमेचे किंवा ठरावीक टक्क्यांचे दंड यातून वगळते. आणि वाटेत माल अडवण्याच्या कलम 129 मधील दंड नेमका तसाच, कराच्या 200 टक्के, आहे. माल 5 लाखांचा, कर 18 टक्के, विक्रीचे बिल सोबत. पण ट्रक बिघडल्याने ई-वे बिलाची, म्हणजे माल वाहतुकीसाठी ऑनलाइन काढायच्या ठरावीक मुदतीच्या परवान्याची, मुदत उलटली, तर दंड 1,80,000 रुपये!

चेकनाका : मुदत संपण्याच्या आधीच्या आणि नंतरच्या आठ तासांत ती वाढवून घेता येते. तेवढीही तसदी न घेणाऱ्यांत एकाच ई-वे बिलावर दोन खेपा मारणारे असतात, हे विसरू नये. दंडाचा आकडा रस्त्यावरच्या अधिकाऱ्याच्या मर्जीवर सोडला, तर तडजोडही रस्त्यावरच होईल. शिवाय पिनकोड किंवा वाहन क्रमांकातील एखाद्या अंकाच्या चुकीसाठी 14 सप्टेंबर 2018 च्या परिपत्रकाने केंद्र व राज्य मिळून 1,000 रुपयांचाच दंड सांगितला आहे.

ताळेबंद : त्या परिपत्रकाच्या यादीत मुदत संपणे नाही. तेलंगणातील कागदाच्या मालाच्या प्रकरणात केवळ मुदत संपली म्हणून करचुकवेगिरीचा हेतू मानता येत नाही, ही उच्च न्यायालयाची भूमिका सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी 2022 मध्ये कायम ठेवली आणि वर कर विभागावर 59,000 रुपयांचा खर्च लादला. मर्जी नको, हे मलाही मान्य आहे. म्हणून विलंबाच्या तासांनुसार चढत्या ठरावीक रकमा कायद्यातच लिहाव्यात. दुसऱ्या खेपेचा संशय असल्यास फास्टॅगच्या नोंदी ई-वे बिल प्रणालीशी जोडलेल्या आहेतच, त्या तपासाव्यात.

कीर्दखतावणी : दोघेही न्यायालयापर्यंत पोहोचणाऱ्यांविषयी बोलत आहात. बहुतेक व्यापारी तिथवर जातच नाहीत, कारण गिऱ्हाईक खोळंबलेले असते आणि ट्रकचे भाडे चढत असते. दंड भरला की कलम 129(5) प्रमाणे कारवाई संपली असे मानले जाते, आणि अपिलासाठी दंडाच्या 10 टक्के (ऑक्टोबर 2025 पूर्वी 25 टक्के) रक्कम आधी भरावी लागते.

चेकनाका : चढत्या रकमांना माझी हरकत नाही, मात्र ही सवलत वर्षातून एकदाच मिळावी.