दहा-बारा लिटरच्या कॅबिनेटमध्ये रेंडरिंगसाठी वर्कस्टेशन बसवायचे आहे : सल्ला हवा

प्रश्न

मी त्रिमितीय अ‍ॅनिमेशनचे काम करते. ब्लेंडर या त्रिमितीय सॉफ्टवेअरमधील सायकल्स इंजिनवर ग्राफिक्स कार्डाच्या साहाय्याने रेंडरिंग करणे, म्हणजे दृश्यांची अंतिम चित्रे तयार करणे, आणि शेकडो छायाचित्रांवरून वास्तूंच्या त्रिमितीय प्रतिकृती उभ्या करणे, ही माझी रोजची दोन मुख्य कामे आहेत. सध्याचे यंत्र मोठ्या टॉवर कॅबिनेटमध्ये आहे; परंतु आता आठवड्यातील काही दिवस घरी आणि काही दिवस स्टुडिओत काम करावे लागत असल्यामुळे पाठीवरच्या पिशवीतून नेता येईल असे यंत्र हवे आहे. लॅपटॉप वर्षभर वापरून पाहिला. लहान दृश्यांपुरता तो चांगला होता, पण रेंडर तासाभराच्या पुढे गेला की तापून त्याचा वेग उतरत असे, आणि मोठे दृश्य कार्डाच्या मेमरीत मावतच नसे.

मनात असलेली जुळणी अशी : मिनी-आयटीएक्स या लहान मापाचा मदरबोर्ड, सोळा कोअरचा रायझन ९ ९९५०एक्स प्रोसेसर, ९६ जीबी रॅम, ३२ जीबी मेमरीचे आरटीएक्स ५०९० ग्राफिक्स कार्ड आणि दहा ते बारा लिटरचे कॅबिनेट. एवढ्या जागेत हे सारे रात्रभर न अडखळता चालेल का, प्रोसेसरसाठी हवेचा कूलर घ्यावा की पाण्याचा, आणि आवाज कितपत होईल? आवाजाचा मुद्दा माझ्यासाठी महत्त्वाचा आहे, कारण त्याच खोलीत मी निवेदन ध्वनिमुद्रित करते.

पहिला प्रतिसाद

जुळणी बसेल, यात शंका नाही. अडचण मापाची नाही, उष्णतेची आहे. म्हणून लिटर मोजण्याआधी वॅट मोजा, असे मी आग्रहाने सांगेन. हे कार्ड ५७५ वॅटचे आहे आणि प्रोसेसर कागदावर १७० वॅटचा. म्हणजे दोघे मिळून साडेसातशे वॅटच्या आसपास उष्णता बुटाच्या दोन खोक्यांएवढ्या जागेत रात्रभर सोडणार. ती बाहेर काढता येते, पण त्यासाठी पंखे ज्या वेगाने फिरवावे लागतील, त्या वेगात तुमचे ध्वनिमुद्रण होणार नाही.

यावर उपाय म्हणजे दोन्ही भागांना सुरुवातीपासूनच मर्यादा घालणे. प्रोसेसर बायोसमधून (मदरबोर्डाच्या मूळ सेटिंगमधून) १०५ वॅटच्या इको मोडवर, म्हणजे वीज वाचवणाऱ्या मोडवर, ठेवला तर सॉकेटला (प्रोसेसरच्या खोबणीला) जास्तीत जास्त १४२ वॅट मिळतात, ६५ वॅटच्या मोडवर ८८. तुमचे रेंडरिंग कार्डावर होते, त्यामुळे १०५ चा मोड तुम्हाला कमी पडेल असे वाटत नाही. छायाचित्रांच्या कामाला थोडा अधिक वेळ लागेल, एवढेच. कार्डही साडेचारशे वॅटच्या आसपास बांधून ठेवा. वरच्या टोकाला प्रत्येक जादा वॅटमागे मिळणारा वेग फार थोडा असतो, उष्णता मात्र पुरेपूर वाढते.

आता कॅबिनेटच्या रचनेविषयी. या आकारात बहुतेक कॅबिनेटांची मांडणी अशी असते की मधल्या पत्र्याच्या एका बाजूला मदरबोर्ड आणि दुसऱ्या बाजूला ग्राफिक्स कार्ड, दोघे पाठीला पाठ लावून उभे, आणि त्यांना जोडणारी रायझर केबल. कार्डाला बाजूच्या जाळीतून थेट ताजी हवा मिळते, हा या मांडणीचा मोठा फायदा. परंतु ५०९० चे फाउंडर्स एडिशन (एनव्हिडिया कंपनीचे स्वतःचे) कार्ड हवा स्वतःच्या आरपार ढकलते, आणि या मांडणीत त्याच्या पाठीशी तो मधला पत्रा असतो. माझ्याकडे हवा आरपार सोडणारे जुने कार्ड होते. दोन तासांच्या रेंडरनंतर त्या पत्र्याला बोट लावले तर चटका बसे, आणि प्रोसेसरला काहीही काम नसताना त्याचे तापमान चढत जाई. वरचे दोन्ही पंखे हवा बाहेर फेकतील असे उलटे बसवले, तेव्हा कुठे फरक पडला. तरीही जाडीला दोनच स्लॉट (कॅबिनेटच्या मागील कार्डांच्या खाचा) आणि ३०४ मिलिमीटर लांबी, हे माप इतर ५०९० कार्डांच्या तुलनेत इतके सोयीचे आहे की मी तेच निवडेन. फक्त वरून हवा बाहेर जाण्याची सोय असलेलेच कॅबिनेट घ्या.

कूलरविषयी माझे मत पाण्याच्या बाजूने आहे. २४० मिलिमीटरचा रेडिएटर वर बसला की प्रोसेसरची आणि मधल्या पत्र्यापाशी साचलेली, अशी दोन्हीकडची गरम हवा एकाच वाटेने निघून जाते. रेडिएटरचा वरचा भाग पंपापेक्षा उंच राहील, याची मात्र खात्री करा. नाहीतर आतली हवा पंपात जमून खरखर सुरू होते. हवेचाच कूलर हवा असेल तर सुमारे सत्तर मिलिमीटर उंचीचा घेऊन प्रोसेसर ८८ वॅटवर ठेवावा लागेल.

दुसरा प्रतिसाद

वरील सल्ल्याशी मी सहमत आहे. माझी भर वीजपुरवठा आणि रायझर यांविषयी आहे, कारण माझे तीन आठवडे त्यातच गेले. यंत्र उत्तम सुरू होई, हलकी कामे करी, आणि रेंडर लावल्यावर पंधरा-वीस मिनिटांनी पडदा काळा होई. मी आधी ड्रायव्हर बदलले, मग रॅम तपासली, शेवटी वीजपुरवठाही बदलून पाहिला. दोष रायझरमध्ये होता : केबल पीसीआय एक्सप्रेस (कार्ड आणि मदरबोर्ड यांना जोडणारे मानक) ३.० ची, कार्ड ४.० चे, आणि बायोसमध्ये वेग ‘ऑटो’वर. तो वेग हाताने ३.० वर ठेवला त्या दिवसापासून एकदाही पडदा गेलेला नाही. तुमचे कार्ड ५.० चे आहे आणि कॅबिनेटसोबत बहुधा ४.० ची केबल येईल, तेव्हा पहिल्यांदा मॉनिटर मदरबोर्डाला जोडा (९९५०एक्समध्ये त्यापुरते ग्राफिक्स असते), बायोसमध्ये ४.० निवडा आणि मगच कार्डावर या. रेंडरिंगच्या वेळेत तुम्हाला फरक जाणवणार नाही.

वीजपुरवठा एसएफएक्स या लहान मापाचा, एक हजार वॅटचा आणि एटीएक्स ३.० किंवा त्यापुढच्या वीजपुरवठा-मानकाचा घ्या. अशी कार्डे क्षणभरासाठी नेमून दिलेल्या मर्यादेच्या बरीच वर उसळी घेतात, आणि या मानकानुसार वीजपुरवठ्याने १०० मायक्रोसेकंदांपुरता स्वतःच्या क्षमतेच्या दुप्पट भार सोसणे अपेक्षित असते. कार्डाला जाणारी जाड केबल जोडणीपासून किमान ३५ मिलिमीटर सरळ ठेवून मगच वाकवा. बाजूचा पत्रा दाबून बसवावा लागत असेल, तर तो बसवूच नका.

तिसरा प्रतिसाद

दोन्ही ठिकाणी वेगवान इंटरनेट असेल, तर यंत्र घरीच ठेवून स्टुडिओतून दूरस्थ पद्धतीने वापरणे अधिक श्रेयस्कर नाही का?

प्रश्नकर्ती

स्टुडिओतील जोडणीवर विसंबता येत नाही आणि छायाचित्रांचे संच फार मोठे असतात, म्हणून तो मार्ग मी बाद केला आहे.

कार्ड आणि प्रोसेसर दोन्ही बांधून ठेवण्याचा सल्ला मला पटला. तो विचार मी केलाच नव्हता. दोन शंका उरतात. रॅम पुढे वाढवता येईल का? आणि रोज ने-आण केल्याने कार्डाला इजा होईल का?

पहिला प्रतिसाद देणारे

मिनी-आयटीएक्स म्हणजे १७० मिलिमीटरचा चौरस. त्यावर साधारणपणे रॅमच्या दोनच जागा असतात. त्यामुळे आज ४८ जीबीच्या दोन पट्ट्या घेतल्या तर पुढे वाढवणे म्हणजे दोन्ही काढून नव्या घेणे. तुमचे छायाचित्रांचे संच मोठे असतील तर ६४ जीबीच्या दोन पट्ट्यांचा एकच संच, म्हणजे १२८ जीबी, आत्ताच घ्या. मदरबोर्डाच्या यादीत तो संच आहे का, हे आधी पाहा.

ने-आण करताना यंत्र आडवे अशा बाजूने ठेवा की कार्डाचा भार मधल्या पत्र्यावर येईल, रायझरच्या तोंडावर नाही. मी पिशवीच्या तळाशी दोन बोटे जाडीचा फोम ठेवतो.

आवाजाबद्दल राहिलेली गोष्ट : पंखा आणि जाळी यांत दोन-तीन मिलिमीटरचेच अंतर राहिले, तर कमी वेगातही बारीक शिट्टीसारखा आवाज येतो आणि तो माइक बरोबर टिपतो. कॅबिनेट मागवण्याआधी पुठ्ठ्याचा ३०४ बाय १३७ मिलिमीटरचा तुकडा कापा, त्याला दोन स्लॉटची म्हणजे सुमारे चाळीस मिलिमीटरची जाडी द्या, आणि कॅबिनेटच्या आराखड्यातील मापांवर तो ठेवून कार्डासमोर जाळीपर्यंत किती जागा उरते, ते पट्टीने मोजा. दहा मिलिमीटर उरले तर ते कॅबिनेट घ्या.

प्रश्नकर्ती

पुठ्ठा आजच कापते. मापे जुळली की निवडलेल्या कॅबिनेटसह अंतिम यादी इथे देईन.