गावच्या कराटे-तायक्वांदो वर्गात फाइट किती जोरात लावावी?

मोर्शीकर

शालेय स्पर्धांचा हंगाम जवळ आला की आपल्याकडच्या खेड्यांतल्या कराटे-तायक्वांदोच्या वर्गांत एकच गोष्ट सुरू होते. काता, पूमसे (एकट्याने करायचे ठरावीक हालचालींचे क्रम), पॅडवरचा सराव सगळे बाजूला पडते आणि रोज संध्याकाळी फाइट, म्हणजे दोघांची सरावाची लढत. सातवीतला मुलगा दहावीतल्यासमोर उभा केला जातो. हेडगार्ड अख्ख्या वर्गात एक किंवा दोन, तेच घामाने ओले फिरत राहतात. कोणी रडला तर 'मार खाल्ल्याशिवाय फाइटर होत नाही' हे वाक्य तयार असते, आणि पालकही मान डोलावतात. मी स्वतः मुलांना शिकवतो. मला हे चुकीचे वाटते, म्हणून हा धागा काढतो आहे.

माझे म्हणणे असे की रोजच्या सरावात डोक्याला जोराचा फटका नकोच, आणि 14 वर्षांखालच्या मुलांना तर डोक्याला स्पर्शही नको. धडावर किती जोरात मारायचे ते आधी ठरवायचे, दोघांनाही सांगायचे. ठरल्यापेक्षा जास्त मारणाऱ्याला बाहेर बसवायचे, मग तो वर्गातला पदकवाला का असेना. वेग कमी करा असे मी म्हणत नाही. पूर्ण वेगाने गेलेली मूठ बोटभर अंतरावर थांबवणे हे नुसत्या ताकदीपेक्षा कितीतरी अवघड आहे. ज्याला अंतर कळते त्यालाच ते जमते.

'समोरच्याने जेवढे मारले तेवढेच तू मार' असे सांगून भागत नाही. लंडनमधल्या संशोधकांनी 2003 साली एक प्रयोग केला होता. दोन माणसांनी आळीपाळीने एकमेकांचे बोट उपकरणाने दाबायचे, आणि आपल्याला जाणवला तेवढाच दाब परत द्यायचा. तरी प्रत्येक पाळीला दाब वाढत गेला, कारण आपण स्वतः लावलेला जोर मेंदूला कमी जाणवतो आणि दुसऱ्याचा पुरता जाणवतो. फाइटमध्ये हेच घडते. अर्ध्या मिनिटात दोन जिवलग मित्र तापतात आणि दोघेही शपथेवर सांगतात, "सर, त्यानंच आधी जोरात मारलं." दोघेही खरे बोलत असतात. म्हणून शिक्षक त्यांच्या मधोमध उभा हवा. कोपऱ्यात खुर्ची टाकून मोबाईल पाहणारा शिक्षक असेल तर त्या दिवशी फाइट लावूच नये.

पुसदचा कोच

सर, हे सारं वाचायले चांगलं आहे. पण आमच्या पोट्ट्यायले विभागीय स्पर्धेले नेलं का काय होते ते या एकदा पाहाले. शहरातले पोट्टे रोज मॅटवर खेळतात, सारं सामान त्यायच्याजवळ, शिकवाले दोन-दोन सर. आमचा पोट्टा पयला कडक फटका खाल्ला का डोळे मिटते, हात खाली सोडते. तो भेकड नसते, त्याले फक्त सवय नसते. ते सवय हळू मारून कशी लागन?

अन् तायक्वांदोत आता सेन्सरवाला चेस्ट गार्ड आहे. लाथेत जोर नसला तर गुण पडतच नाई. वर्गात हात-पाय आखडून खेळलेला पोट्टा तिथं जाऊन काय करन?

दहावीचे क्रीडागुण, पुढं सरकारी नोकरीतलं पाच टक्के खेळाडू आरक्षण, हे लढतीच्या त्या दोन मिनिटायवर असते. कोरडवाहू शेतकऱ्याच्या पोराले दुसरी शिडी कोणती आहे सांगा. म्हणून मी कडक फाइट लावतो अन् लावत राहीन.

आर्वीची आई

दोन्ही सरांना नमस्कार. माझी मुलगी आठवीत आहे. वर्गात मुली कमी, म्हणून जोड मिळत नाही आणि तिला मोठ्या मुलांसमोर उभे करतात. वर्ग तिला आवडतो, सोडायचा म्हटले तर भांडते, पण फाइटच्या दिवशी जेवत नाही. मला खेळातले नियम कळत नाहीत. डोक्याला लागलेले मूल घरी आले तर काय पाहायचे, कोणत्या वेळी धावपळ करायची, हे पालकांना पहिल्याच दिवशी सांगायला नको का? आम्हाला कोणी सांगितले नाही.

देवळीचा फिजिओ

ताई, उत्तर सविस्तर देतो, कारण हे सगळ्यांनीच वाचावे असे आहे.

मेंदूला धक्का बसायला बेशुद्ध पडावेच लागते असे नाही. बहुतेक मुले बेशुद्ध पडत नाहीत. डोके दुखणे, मळमळ, गरगरणे, उजेडाचा त्रास, एकच प्रश्न पुन्हा पुन्हा विचारणे, एरवी बोलकी असलेली पोर एकदम गप्प होणे, यांतले एकही दिसले तर त्या दिवशीचा खेळ तिथेच बंद. 'पाणी पी, पुढच्या राउंडला ये' हे अजिबात नाही. त्यानंतर एक-दोन दिवस विश्रांती, मग चालणे, मग हलका व्यायाम, मग एकट्याने सराव, आणि डॉक्टरांनी पाहून हो म्हटल्यावरच कोणासमोर उभे राहणे. मधल्या कोणत्याही टप्प्यावर डोके दुखायला लागले तर एक पाऊल मागे.

पुन्हा पुन्हा उलटी, वाढत जाणारी डोकेदुखी, झटका (फिट) येणे, डोळ्याची एक बाहुली मोठी दिसणे, हातापायातली शक्ती जाणे, जागे करूनही नीट जागे न होणे, यांतले काही दिसले तर सकाळची वाट पाहू नका. 108 ला फोन करा. आपल्या प्राथमिक आरोग्य केंद्रात सीटी स्कॅन नसतो. सेवाग्राम, यवतमाळ, अमरावती किंवा नागपूर गाठावे लागते आणि त्यात तास जातात. शहरातल्या वर्गाच्या शेजारी मोठे हॉस्पिटल असते, आपल्याकडे नसते. म्हणून आपले नियम शहरापेक्षा कडक हवेत.

पहिला धक्का भरून येण्याआधी दुसरा बसला तर मेंदूला झपाट्याने सूज येऊ शकते. हे क्वचित घडते, पण घडते ते मुख्यतः कोवळ्या वयात, आणि जीव जातो.

अजून एक, जे पुण्या-मुंबईच्या पुस्तकांत सापडणार नाही. आपल्या विदर्भात सिकलसेल हा रक्ताचा आनुवंशिक आजार आहे. ज्यांना आजार नाही, फक्त वाहक आहेत, अशी मुले एरवी धडधाकट असतात. पण उन्हाळ्याच्या सुट्टीतले शिबिर, 45 अंशांचा दिवस, अंगात पाणी कमी, आणि त्यात न थांबता राउंडवर राउंड, अशा वेळी त्यांना गंभीर त्रास होऊ शकतो. दिवसभर कापूस वेचून संध्याकाळी वर्गाला आलेले पोरगे आधीच सुकलेले असते. प्रवेशाच्या वेळी सिकलसेल तपासणीचे कार्ड पाहा, कोणासमोर न विचारता पाहा, आणि त्या मुलाला हवे तेव्हा थांबण्याची मोकळीक द्या. त्याला वर्गाबाहेर काढू नका, तो खेळू शकतो.

पुसदचा कोच

सिकलसेलचं बरोबर आहे, ते मानतो. पण हेडगार्ड-हेडगार्ड सारेच करतात, तर बॉक्सिंगवाल्यायनं 2013 साली मोठ्या पुरुषायचे हेडगार्ड काढूनच टाकले. रिओ ऑलिम्पिकात पुरुषायचं बॉक्सिंग बिना हेडगार्डचं झालं. मंग? अन् क्योकुशिन कराटेवाले छातीवर, मांडीवर उघड्या हातापायानं पूर्ण जोरात मारतात. जग कडक खेळून रायलं, अन् आपण पोट्ट्यायले जपत बसू?

देवळीचा फिजिओ

हेडगार्डने कातडे फाटणे वाचते. मेंदू कवटीच्या आत हलतो, ते हलणे त्याने भरवशाने थांबत नाही. म्हणजे हेडगार्ड घातला म्हणून जोरात मारता येते हा समजच खोटा आहे. तुमच्या उदाहरणातून मला तर हेच दिसते की डोके वाचवायचे तर फटकाच कमी करावा लागतो.

मोर्शीकर

क्योकुशिनचे तुम्ही काढलेत ते बरे झाले. त्यांच्या स्पर्धेत चेहऱ्यावर मूठ मारायला बंदी आहे. एवढ्या कडक पद्धतीनेही ती रेघ ओढली आहे. तायक्वांदोतही चेहऱ्यावर ठोसा चालत नाही, आणि कराटेच्या जागतिक नियमांत जास्त जोर लावला तर मारणाऱ्यालाच दंड बसतो. कडक फाइटची सवय घेऊन गेलेला मुलगा तिथे ताकीद खाऊन हरतो, हेही पाहिलेले आहे.

आता डोळे मिटण्याचे. ती तुमची खरी अडचण आहे. पण डोळे मिटतात ते वेगाने येणाऱ्या गोष्टीला. मग वेगाची सवय लावा. एकाने फक्त मारायचे, दुसऱ्याने फक्त सरकायचे आणि अडवायचे, पूर्ण वेगाने, स्पर्शापुरते, दोन मिनिटे. मग बदलायचे. कधी फक्त पुढचा हात, कधी फक्त पुढचा पाय. मुलाला पुढच्या क्षणी डोके फुटणार नाही याची खात्री असेल तरच तो डोळे उघडे ठेवून पाहतो. भीतीत कोणी शिकत नाही, फक्त लपायला शिकतो. सेन्सरच्या जोरासाठी पॅड आणि बॅग आहेत, आणि चेस्ट गार्ड घातलेल्या सारख्या वजनाच्या जोडीत धडावर जोर लावा की. त्याला माझी हरकत नाही.

तालमीतला, दर्यापूर

मी कुस्तीवाला हाय, कराट्यातलं मले समजत नाई. पण आखाड्यात रोज पूर्ण ताकदीनं लढत होते अन् पोट्टे सकाळी उठून शाळेत जातात. कारण कुस्तीत मारणं नाईच. अन् वस्ताद समोर बसून राहते. मोठा पयलवान लहान्या पोट्ट्याले खेळवते, त्याले पट धरू देते, पाडू बी देते कधी कधी. जो लहान्याले जोरात आपटते त्याले आखाड्यात कोणी मोठा म्हणत नाई. तुमच्या वर्गात दहावीचा पोट्टा सातवीच्याले ठोकते अन् तुमी त्याले फाइटर म्हणता?

ज्युदो, वरुड

तालमीतल्या भाऊंच्या बोलण्यात दम आहे. ज्युदोचे जनक जिगोरो कानो यांनी 1882 मध्ये कोदोकान ही ज्युदोची शाळा सुरू केली तेव्हा जुन्या जुजुत्सु विद्येतले घातक प्रकार मोकळ्या लढतीतून काढले, म्हणूनच विद्यार्थ्यांना एकमेकांवर पूर्ण जोर लावता येऊ लागला. पण तेवढ्याने सगळे सुरक्षित होते असे समजू नका. जपानच्या शाळांमध्ये 1983 पासूनच्या सुमारे तीन दशकांत ज्युदोच्या सरावात शंभराहून जास्त मुले दगावली. त्यांत डोक्याला इजा झालेली पुष्कळ होती, आणि नवशिकी, पडायला नीट न शिकलेली मुले पुष्कळ होती. ज्युदोच्या मायदेशात, मॅटवर हे झाले.

आपल्याकडे जिल्हा परिषद शाळेच्या मुरमाच्या मैदानावर फेकीचा सराव होतो. तो बंद करा. मॅट नसेल तर आखाड्यासारखी माती खणून मऊ करा, नाहीतर फेक शिकवू नका. आधी महिना-दोन महिने नुसते पडायला शिकवा.

भरतीवाली

मी मुलगी आहे, पोलीस भरतीची तयारी करते, आणि मला पुसदच्या सरांचे पटते. आमच्या वर्गात मुले माझ्यासमोर आली की हात आखडतात. लाथ अशी मारतात की लागतच नाही, आणि मी मारले की हसतात. याला नियंत्रण म्हणत असाल तर मला ते नको. खरा धक्का बसला तर मी उभी राहते की कोसळते हे मला भरतीआधी कळायला हवे. मुलींना जपायचे म्हणून दुबळेच ठेवायचे, हे घरात होते तेवढे पुरे.

मोर्शीकर

ताई, तुमचा राग रास्त आहे. तुमच्यासमोर हात आखडणारा मुलगा तुम्हाला ठरलेला जोर देत नाही, म्हणजे तोही नियमच मोडतो. जोर ठरवायचा तो दोघांनी मिळून. तुम्ही सज्ञान आहात. सारख्या वजनाची जोड, दातांचा गार्ड, चेस्ट गार्ड, शिक्षक मधोमध, आणि तुम्ही स्वतः 'वाढव' म्हणालात तर धडावरचा जोर वाढवलाच पाहिजे. डोक्याचे मात्र तुमच्यासाठीही तेच राहील. भरतीच्या लेखी परीक्षेला तेच डोके न्यायचे आहे.

भरतीवाली

चालेल. पण 'वाढव' म्हणायचा हक्क मुलींना आहे हे सरांनी सगळ्या वर्गासमोर सांगावे. मी एकटीने म्हटले तर तो उद्धटपणा ठरतो.

आर्वीची आई

आणि 'थांब' म्हणायचाही. माझी मुलगी अजून लहान आहे, तिला ते म्हणायची लाज वाटते.

तालमीतला, दर्यापूर

आखाड्यात जमिनीवर दोन थापा मारल्या का सुटलं. त्याच्यात लाज कायची?

पुसदचा कोच

बारक्या गटाचं मी मान्य करतो. 14 च्या खाली डोक्याले हात नाई, अन् जोड वजनावर. याच्यात आमचं काई नुकसान नाई. मोठ्या गटाले मात्र स्पर्धेच्या आधी कडक राउंड लागतेच, तिथं मी तुमचं ऐकणार नाई. रोज नाई, पण लावीन. अन् मोर्शीकर सर, एक गोष्ट तुमी बोललेच नाई. पोट्टे लपवतात. डोकं दुखत असलं तरी सांगत नाई, कारण सांगितलं का सर टीममधून काढन. मायबाप बी लपवतात. तुमचे सारे नियम तिथं तुटतात.

मोर्शीकर

हे तुम्ही अगदी बरोबर पकडलेत. मला सुचतो तो एकच मार्ग. टीम निवडतो त्याच माणसाकडे 'हा खेळू शकतो का' हा निर्णय ठेवायचा नाही. गावातले डॉक्टर, उपकेंद्रातल्या सिस्टर, शाळेतले एखादे शिक्षक, ज्यांना पदकाशी देणेघेणे नाही अशा कोणाकडे तो द्यायचा आणि त्यांचा शब्द अखेरचा. दुखणे सांगितले म्हणून कोणाची जागा कायमची जाणार नाही, हेही प्रवेशाच्या कागदावर लिहून पालकांची सही घ्यायची. त्या मुलाची त्या वर्षीची स्पर्धा हुकली तर पुढच्या वर्षीच्या निवड चाचणीत तो थेट बसेल, असेही लिहायचे. मोठ्यांच्या कडक राउंडबद्दल आपले जमणार नाही असे दिसते. पण ते राउंड शेवटच्या आठवड्यात तरी लावू नका. डोक्याला लागलेले पोर तेव्हा हमखास लपवते.

पुसदचा कोच

शेवटच्या आठवड्यात तसाही मी पोट्ट्यायले फक्त हलकं खेळवतो. सिस्टरच्या हातात निर्णय द्यायचं पटते, पण आमच्या उपकेंद्रातल्या सिस्टरले मेंदूच्या धक्क्याचं हे सारं कोण शिकवन?

देवळीचा फिजिओ

मी येतो. रविवारी संध्याकाळी चालेल का? पालकांनाही बोलवा.